घोडा जिंकायला धावतोय ना?

पावसाळा आला की पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सचा हंगाम सुरू होतो आणि लोणावळा-पुणे लोकलच्या डब्यात रेसची पुस्तिका पुन्हा दिसू लागते. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, प्रत्येक स्टेशनवर एखाद-दुसरा पंटर चढतो. हातात पुस्तिका, नाहीतर फोन. त्यांत आपली मुलंही असतात. घरी याविषयी बोलणं होत नाही, कारण घरात हा विषय एका शब्दात संपतो: हराम. तो शब्द चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. पण एका शब्दात संपलेल्या विषयाची यंत्रणा कुणालाच माहीत नसते. मग कुणीतरी म्हणतं, ‘हा जुगार नाहीच, कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय’, आणि मनाई करणाऱ्यांकडे त्यावर उत्तर नसतं.

म्हणून आधी यंत्रणा पाहू.

पुण्यात आणि मुंबईत रेस घेणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे हँडिकॅपर नावाचा अधिकारी असतो. आधीच्या धावा पाहून तो प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो, रेटिंग. आकड्यांप्रमाणे घोड्यांचे वर्ग पडतात. तिसऱ्या वर्गात साधारण ४० ते ६६ रेटिंगचे घोडे धावतात, आणि रेटिंगच्या एका अंकामागे अर्धा किलो वजन. म्हणजे ६६ चा घोडा ४० च्या घोड्यापेक्षा १३ किलो जास्त ओझं घेऊन पळणार. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिसं घालून वजन पुरं करतात. रेसच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा जॉकी खोगिरासकट काट्यावर चढतो. हेतू असा, की चांगला आणि सामान्य घोडा शेवटच्या खांबाशी एकत्र पोचावेत. जिंकलात तर रेटिंग वाढतं, हरत राहिलात तर उतरतं. डर्बीसारख्या मोठ्या शर्यती याला अपवाद. तिथे सगळ्या घोड्यांना सारखं वजन आणि घोड्यांना, म्हणजे माद्यांना, थोडी सवलत. पण हंगामातल्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्याच.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. बुद्धिबळातही रेटिंग असतं, निकालानुसार वरखाली होतं. पण बुद्धिबळात आजचा डाव हरल्याबद्दल उद्या समोरच्याचा वजीर काढून ठेवत नाहीत. इथे मात्र हरण्याला किंमत आहे. आज पाचवा-सहावा आलेला घोडा पुढच्या महिन्यात दोन किलो हलका होऊन, कदाचित खालच्या वर्गात उतरतो, आणि तोवर त्याचा भावही वाढलेला असतो. प्रामाणिकपणे हरलेल्या घोड्यासाठी ही न्याय्य सोय आहे. पण ज्याला मुद्दाम हरवलं, त्याच्यासाठी हीच सोय गुंतवणूक ठरते. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. जॉकीने लगाम किती आवळला, सकाळच्या सरावात घोडा लंगडत होता का, हे आत असलेल्यांना कळतं. म्हणून स्टुअर्ड असतात: चित्रफीत पाहणं, फेव्हरिट घोडा अचानक मागे पडला तर ट्रेनर-जॉकीला बोलावून खुलासा घेणं, जिंकलेल्या घोड्याची उत्तेजक-चाचणी. रेसची अख्खी इमारत या एका प्रश्नावर उभी आहे: घोडा जिंकायला धावतोय ना?

आता सुप्रीम कोर्ट. मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात १२ जानेवारी १९९६ रोजी कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, जॉकीचं कसब, आधीची कामगिरी, या सगळ्यावर निकाल ठरतो, सोडतीसारखा नशिबावर नाही. निकाल पटण्यासारखा आहे. मात्र कौशल्य कोणाचं, हा प्रश्न उरतोच. पहाटे पाचला घोडा पळताना पाहणाऱ्या ट्रेनरचं आहे, जॉकीचं आहे, हँडिकॅपरचं तर आहेच. लोकलमधून उतरलेल्या मुलाच्या हातात फक्त छापील पुस्तिका. एक कुशल माणूस पगार घेऊन घोड्यांमधला फरक पुसून टाकतो, आणि हा मुलगा तोच फरक ओळखण्यावर पगार लावतो.

इथे आमचे अभियंते मित्र हमखास बिल बेंटरचं नाव काढतात. बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९८०च्या दशकात हाँगकाँगला जाऊन संगणकाचं मॉडेल बनवलं, अफाट पैसा कमावला आणि १९९४ मध्ये आपली पद्धत एका निबंधात छापलीही. गोष्ट खरी आहे. पण निबंध नीट वाचला तर त्यात एक कबुली सापडते: नुसतं मॉडेल पुरेसं नव्हतं, लोकांच्या पैजांतून बनलेला भाव मॉडेलमध्ये मिसळला तेव्हा ते चाललं, कारण मॉडेलला न दिसणारी बरीच माहिती भावात आधीच उतरलेली असते. शिवाय त्याच्यामागे माणसं होती, वर्षांची मेहनत होती आणि स्वच्छ डेटा होता. हाँगकाँगचा जॉकी क्लब प्रत्येक घोड्याचा रोजचा सराव आणि पशुवैद्यकीय नोंदीसुद्धा सर्वांसाठी खुल्या ठेवतो. आपल्याकडे लॅपटॉपवर शनिवारी रात्री बसून तसं मॉडेल बनवू पाहणाऱ्याने आधी एवढंच विचारावं, की माझ्या डेटात हरलेल्या घोड्यापुढे ‘का हरला’ हा रकाना आहे का?

त्यात कराचं गणित. पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. १०० रुपयांच्या पैजेमागे ४० रुपये सरकारचे, वर क्लबची किंवा बुकीची कपात. एवढी तूट भरून काढणारं कौशल्य फार थोड्यांकडे असतं. कर वाढला म्हणून पैजा थांबतात असं समजणाऱ्यांनी एकदा पानटपरीवर उभं राहावं. खिडकीवरचा पंटर फोनवरच्या बुकीकडे वळतो. त्याचं नुकसान त्याचं, पण खेळाचंही होतं: कोणत्या घोड्यावर अचानक पैसा आला, कोणत्यावरून उठला, हा गडबडीचा पहिला सुगावा असतो, आणि नोंदच नसलेल्या पैजेचा सुगावा स्टुअर्डला कुठून लागणार?

कौशल्याच्या ढालीमागे मधल्या काळात मोबाइलवरचे पैशांचे खेळही येऊन उभे राहिले. संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला.

धर्माकडे वळायचं तर तिथेही एका शब्दापेक्षा बरंच जास्त सापडतं. बुखारीच्या संग्रहात इब्न उमर यांची हदीस आहे. पैगंबरांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या; सराव देऊन तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला आणि तसे नसलेल्यांना जवळचा. बलवानाची कमजोराशी फसवी तुलना नको, हा विचार वजनाच्या काट्याच्या कितीतरी आधीचा आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातली दुसरी हदीस मला जास्त विचारात पाडते. तिच्या सनदीवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, तरी फिकहमध्ये तिच्यावर पुष्कळ चर्चा झाली. आशय असा: दोन घोड्यांमध्ये कुणी तिसरा उतरवला आणि तो हरणारच अशी खात्री नसेल, तर तो जुगार नाही, तो हरणारच हे आधीच ठाऊक असेल, तर जुगार. जुगाराची कसोटी इथे नुसत्या पैशाला लागलेली नाही. घोडा खरोखर स्पर्धेत आहे की दाखवायला उभा केलाय, यालाही लागली आहे. स्टुअर्ड तेच विचारतो. आपल्या तरुणांनीही तेच विचारायला शिकावं. आज ज्याला थरोब्रेड म्हणतात त्याच्या वंशाच्या मुळाशी पूर्वेकडून इंग्लंडला गेलेले घोडे आहेत; आगा खान तिसरे यांच्या घोड्यांनी एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली. तेव्हा या खेळाशी आपलं नातं फक्त खिडकीवर पैसे हरण्याचं असायचं कारण नाही.

मावळात हा प्रश्न अगदी दाराशी आहे. तळेगावजवळच्या नाणोलीत रेसच्या घोड्यांची पैदास होते, आणि त्याच पट्ट्यातल्या घाटांवर बैलगाडे धावतात. २०१४ ला बंद पडलेल्या शर्यती १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या, १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्यांच्या कायद्यावर शिक्का मारला. आपल्या भागातला गाडा एकटा धावतो, पुढे घोडी, मागे बैल, आणि निकाल सेकंदांत. वजन नाही, रेटिंग नाही, हरण्यात फायदा नाही. बक्षीस यात्रा कमिटीचं. रचनेने हा खेळ रेसपेक्षा सचोटीचा आहे. (हदीसमध्ये बक्षिसाला पात्र म्हणून उंट, घोडा आणि तीर आहेत, बैल नाही, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा.) पण बक्षिसं आता दुचाकी, ट्रॅक्टरपर्यंत गेली आहेत, आणि जिथे मोठं बक्षीस आणि घड्याळ हातात धरणारा एक माणूस असतो, तिथे बुकी यायला वेळ लागत नाही.

या कमिट्यांत आणि गाडामालकांत आपली मुलं आहेत. त्यांच्यासाठी कामं ठरलेली आहेत: हातातल्या स्टॉपवॉचऐवजी सेन्सरचं घड्याळ, बारीची सोडत सर्वांसमोर, प्रत्येक बारीची वेळ त्याच संध्याकाळी फलकावर आणि मोबाइलवर, बैलांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या नोंदी जाहीर. पुण्याच्या क्लबकडेही मागणी करता येईल, की स्टुअर्डांच्या चौकशीचे निष्कर्ष मराठीतही छापा. सेन्सर आणि फलकाचा प्रोग्रॅम कुणाला लिहायचा असेल तर कळवा. पुढच्या यात्रेच्या आधी मावळातल्या एका घाटावर तो मोफत लावून द्यायची आमची तयारी आहे.