डाकोटा विमाने आणि वजनकाटा

घरचा धंदा म्हटला की आपल्या बाजारात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. बाप-बेटे एकत्र राबत असले की बाहेरच्या मॅनेजरची गरज नाही, हे एक. आमचा हिशेब तोंडी असतो पण पक्का असतो, हे दुसरे. पहिले आम्हाला बऱ्याच अंशी मान्य आहे. दुसऱ्याविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत, आणि त्यासाठी उदाहरण घेत आहोत ते फार लांबचे, कॅनडाच्या उत्तर भागातील बफेलो एअरवेज या विमान कंपनीचे. कापड, चामडे आणि गॅरेजच्या पानावर विमान कुठून आले, असे कोणी म्हणेल. पण ही कंपनी ज्या रीतीने चालली, ती रीत भिवंडी-मालेगावच्या कारखानदाराला अगदी ओळखीची वाटेल.

आधी तो मुलूख समजून घ्यावा. नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि तिथली वस्ती पन्नास हजारांच्याही आत. म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा मोहल्लाच चार महाराष्ट्रांवर पसरलेला. ग्रेट स्लेव्ह नावाच्या अफाट सरोवराच्या एका तीरावर राजधानी यलोनाइफ, पलीकडे हे रिव्हर हे गाव. विमानाने अंतर सुमारे २०० किलोमीटर, रस्त्याने वळसा घालून सुमारे ४८०. हा रस्ताही मॅकेन्झी नदीपाशी अडत असे. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ट्रक. पण बर्फ फुटू लागले की बोटही चालत नसे आणि ट्रकही नाही. ते काही आठवडे राजधानीला भाजी, दूध, सुटे भाग पोचवायला आकाशाचीच वाट उरे. आणखी उत्तरेला तुलिता, डेलिने, फोर्ट गुड होप अशी गावे आहेत, त्यांना तर बारमाही रस्ता आजही नाही.

अशा ठिकाणी १९७० मध्ये ही कंपनी निघाली. काढणाऱ्याने पुढे ती आपल्याच एका वैमानिकाला, जो मॅकब्रायन यांना, विकली. तेव्हापासून ती त्यांच्या घराची झाली. एक मुलगा जनरल मॅनेजर, दुसरा विमानांच्या देखभालीवर. आणि वडील? ते मालक असूनही हे रिव्हर ते यलोनाइफ ही रोजची फेरी वर्षानुवर्षे स्वतः चालवत राहिले. २००९ ते २०१४ या काळात त्यांच्यावर दूरदर्शन मालिका चालली आणि हे घराणे जगभर माहीत झाले.

विमाने कोणती, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. डीसी-३, म्हणजे जुन्या लोकांना ठाऊक असलेले डाकोटा. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतीय फौज श्रीनगरला उतरली ती याच जातीच्या विमानांतून. बाकी जगाने जी विमाने संग्रहालयात ठेवली, ती या घराने साठ-सत्तर वर्षांनंतरही पोटापाण्याला लावली.

यामागे हौस होतीच, पण व्यापारी हिशेबही होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. नवे विमान घेतले की कर्जाचा हप्ता आणि व्याज सुरू होते. विमान उडो न उडो, महिना भरला की पैसे द्यावे लागतात. ते परवडावे म्हणून विमान रोज तासन्तास उडवत ठेवावे लागते. पण उत्तरेत काम मोसमी. एखादा महिना दिवसरात्र धावपळ, पुढचे दोन महिने सामसूम. अशा धंद्यात कर्जातून मोकळे झालेले जुने यंत्र निवांत उभे राहू शकते. त्याला इंधन जास्त लागते, मिस्त्रीही जास्त लागतात, पण ते मालकाच्या उरावर बसत नाही. उणे चाळीस अंशांच्या थंडीत हीटर लावून आधी इंजिन ऊबदार करायचे, न मिळणारा भाग दुसऱ्या उभ्या विमानातून काढायचा, हे सगळे हुन्नराचे काम. भंगारातून भाग शोधून जुना यंत्रमाग चालता ठेवणाऱ्या आपल्या कारागिराला यात काही नवल वाटणार नाही. जुने म्हणजे वाईट, असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही ते यामुळेच.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी यलोनाइफहून हे रिव्हरकडे निघालेल्या डाकोटाच्या उजव्या इंजिनाला उड्डाण करताच आग लागली. २१ प्रवासी, ३ कर्मचारी. वैमानिकांनी इंजिन बंद करून विमान परत वळवले, पण ते उंची धरू शकले नाही. झाडांना घासत धावपट्टीच्या अलीकडेच, चाके न उघडता, जमिनीवर टेकले. कोणालाही इजा झाली नाही.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून २०१५ मध्ये अहवाल दिला. इंजिनाच्या एका सिलिंडरला आधीपासून तडा होता, तो फुटला. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवावी लागतात, नाहीतर पंखा वाऱ्याने फिरत राहून विमानाला मागे ओढतो. ती पाती नीट वळलीच नाहीत. येथवर यंत्राचा दोष झाला आणि यंत्र म्हटले की तो कधीतरी होणारच. पण पुढची नोंद आम्हाला जास्त बोचली. निघण्यापूर्वी वजनाचा नेमका हिशेब केलेला नव्हता आणि विमान मंजूर वजनापेक्षा जड होते. ही एका दिवसाची चूक म्हणून मंडळाने सोडली नाही. अशा धोक्याच्या सवयी हुडकून दुरुस्त करण्याची कंपनीची व्यवस्था कुचकामी आहे, असे त्याने म्हटले. आणि तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यालाही त्या दिसल्या नाहीत, हेही लिहिले.

नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस सरकारने सुरक्षेच्या कारणावरून कंपनीचा परवाना थांबवला. तो परत मिळाला २०१६ च्या जानेवारीत.

सरकारी नियम छोट्या माणसाला बुडवण्यासाठीच असतात, ही तक्रार आम्ही या व्यवसायात रोज ऐकतो आणि ती सगळी खोटी नाही. तीनशे विमानांच्या कंपनीला जेवढे कागद, जवळपास तेवढेच तीन विमानांच्या कंपनीला. मोठा त्यासाठी स्वतंत्र ऑफिस थाटतो, छोट्याच्या घरातला कोणीतरी रात्री जागतो. पण वजन लिहून ठेवायला ऑफिस लागत नाही. एक काटा आणि एक वही पुरे. तीस वर्षे तीच फेरी, तेच सामान, चेहऱ्याने ओळखीचे प्रवासी, मग मोजायचे कशाला, अशी सवय कोणत्याही घरच्या धंद्यात शिरते. नजरेचा अंदाज बहुतेक दिवस बरोबरही निघतो. दोन्ही इंजिने चालू असतात तोवर जादा भार खपून जातो. एक बंद पडले की मात्र तोच भार विमानाला वर चढू देत नाही.

आमच्या ओळखीतल्या कितीतरी गोदामांत टेम्पो अजून डोळ्यांनीच भरला जातो. माळ्यावर किती गठ्ठे चढले, खालची तुळई किती झेलते, हे फक्त अब्बांना माहीत असते. एका मागाच्या तारेवर किती मोटारी चालतात, हे फक्त थोरल्या भावाला. त्यांच्या अनुभवाला आम्ही सलामच करू. पण तो कागदावर उतरलेला नसेल, तर ज्या दिवशी ते दुकानात नसतील त्या दिवशी पोरांनी काय पाहून माल चढवायचा?

बफेलो एअरवेज आजही आहे. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी मॅकेन्झी नदीवर देह चो पूल खुला झाला, राजधानीला बारमाही रस्ता मिळाला आणि बर्फ फुटण्याच्या मोसमातली तिथली विमानांची कमाई आटली. घराने मग मालवाहतूक आणि वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानांचे सरकारी काम यांवर जोर दिला. अलीकडे तर बोइंग ७३७ हे मालवाहू जेटही घेतले. आणि पूल झाला म्हणून उत्तरेची गरज संपली नाही. २०२४ मध्ये मॅकेन्झीचे पाणी इतके खाली गेले की नॉर्मन वेल्स, तुलिता अशा गावांकडे जाणाऱ्या मालाच्या बार्जेस रद्द झाल्या. इंधनापासून किराण्यापर्यंत सारे विमानाने न्यावे लागले आणि त्याचे भाडे अखेर गिऱ्हाइकाच्याच माथी बसले.