धावफलकावरचा निवाडा

वादाचे तीन प्रकार आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वीच वेगळे काढून ठेवले आहेत. सत्य ठरावे एवढ्याच हेतूने उभयपक्षांनी प्रमाणे पुढे करून केलेली चर्चा तो वाद. सत्याची चाड न ठेवता केवळ जय मिळावा म्हणून छलाचाही आश्रय करून केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा काहीच पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष पाडण्यापुरतीच केलेली ती वितंडा. गौतमाच्या सूत्रांतला हा विवेक विद्यार्थिदशेत मला केवळ पांडित्याचा विषय वाटला होता; परंतु भारतीय संघ एखादा सामना हरला की त्याच रात्री दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एकेका चौकटीत बसवलेली सहासात माणसे ज्या आवेशाने कोण्या एका खेळाडूचा पंचनामा करू लागतात, तो आवेश वर्षानुवर्षे ऐकल्यानंतर त्या वर्गीकरणाची खरी किंमत मला कळली आहे. ज्याला हे लोक ‘महाचर्चा’ म्हणतात तिच्यात वाद अभावानेच आढळतो, जल्प पुष्कळ असतो, आणि रात्र चढत जाते तशी निखळ वितंडा तेवढी उरते. याचा मला मनस्वी क्लेश होतो, कारण क्रिकेट हा माझ्या लेखी वेळ घालवण्याचा विषय कधीच नव्हता. माणसाचे धैर्य, संयम आणि कौशल्य उघड्या मैदानावर हजारो डोळ्यांदेखत पारखण्याची जी थोडी ठिकाणे आपल्या सार्वजनिक जीवनात उरली आहेत, त्यांतले ते एक आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चर्चेचे आमंत्रण मलाही आले होते. एका ज्येष्ठ फलंदाजाने निवृत्त व्हावे की नाही, हा विषय होता. माझे मत काय आहे याची विचारपूस झालीच नाही. ‘व्हावे’ म्हणणारी बाजू भरली आहे, ‘होऊ नये’ ही रिकामी आहे, तेव्हा ती तुम्ही घ्या, असे मला सांगण्यात आले. त्या फलंदाजाचा शेवटचा डाव मी पाहिला आहे काय, हा प्रश्न मला कोणी विचारील अशी मी अखेरपर्यंत वाट पाहिली. तो प्रश्न आला नाही, आणि मी गेलो नाही.

या चर्चांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे मात्र पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, कारण पूर्वपक्ष दुबळा करून त्याचे खंडन करणे हाही एक छलच होय. ते म्हणतात, खेळाडू आज कोट्यवधी रुपये मिळवतात, ते अखेर प्रेक्षकाच्या खिशातून येतात, तेव्हा जाब विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाचा आहे आणि आम्ही त्याचे मुखत्यार आहोत. ते म्हणतात, या देशाला खेळाडूंचे देव करण्याची खोड आहे. आम्ही कठोर बोललो नाही तर भाटगिरीवाचून काही उरणार नाही. आणि शेवटी ते म्हणतात की, हा रोग असलाच तर तो जुना आहे. १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथे मालिका जिंकून आलेल्या अजित वाडेकरांना ज्या मुंबईने डोक्यावर घेतले त्याच मुंबईत, १९७४ साली लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव कोसळून तिन्ही कसोट्या हातच्या गेल्यावर, त्यांच्या घरावर दगड पडले. तेव्हा कोठे होत्या वाहिन्या?

या शेवटच्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. दगड पडले हे खरे, पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी बॅट खाली ठेवली हेही खरे. परंतु दगड मारणाराला त्या काळी समीक्षकाचे आसन कोणी दिले नव्हते. समीक्षकाच्या आसनावर निराळी माणसे होती. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करीत तेव्हा चेंडूचा टप्पा कोठे पडला, फलंदाजाचा पाय पुढे आला की मागे राहिला, क्षेत्ररक्षक कोठून कोठे धावला, हे इतक्या निगुतीने सांगितले जाई की ज्याने आयुष्यात मैदान पाहिले नाही त्याच्याही डोळ्यांपुढे ते उभे राही. मराठीला क्रिकेटची स्वतःची परिभाषा मिळाली ती अशा निवेदनातून. रस्त्यावरचा क्षोभ तेव्हाही होता आणि आजही आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तेव्हा दगड रस्त्यावरून येई आणि आता तो व्यासपीठावरून येतो.

कठोरपणाचा मुद्दा यापेक्षा भारी आहे. कठोर असण्यास माझी हरकत नाही. पुराव्यावाचून कठोर असण्यास आहे. सचिन तेंडुलकरविषयी जो सिद्धान्त या मंडळींनी कित्येक वर्षे चालवला तोच घेऊ: तो शतक करतो आणि भारत हरतो. या फिर्यादीचा मुख्य मुद्देमाल म्हणून ३१ जानेवारी १९९९ चा चेन्नईच्या चेपॉक मैदानावरचा दिवस पुढे केला जाई. पाकिस्तानविरुद्ध जिंकण्यास २७१ धावा हव्या होत्या. ६ धावांवर २ गडी गेले असता तो खेळायला आला, ८२ वर ५ गडी गेले, पाठीच्या कळांनी त्याला धड उभे राहवेना. तरीही नयन मोंगियाला हाताशी धरून १३६ धावांची भागी रचून, स्वतःच्याही १३६ धावा करून, सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर वासिम अक्रमच्या हाती झेल देऊन तो परतला, तेव्हा फलकावर २५४ धावा लागल्या होत्या, १७ हव्या होत्या आणि ३ गडी शिल्लक होते. ते तीन गडी ४ धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला. ज्याने संघाला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले त्याच्याच माथ्यावर उंबरठा न ओलांडल्याचा दोष लादणे, आणि जे घरातून बाहेरच पडले नाहीत त्यांचा उल्लेखही न करणे, याला निवाडा म्हणावयाचे असेल तर अन्यायाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: जो साध्य असते तेथेही आढळतो आणि नसते तेथेही आढळतो, तो काहीच सिद्ध करू शकत नाही. कसोटीतल्या त्याच्या ५१ शतकांपैकी २० विजयी सामन्यांतली आहेत आणि ११ पराभवांतली. एकदिवसीय सामन्यांतल्या ४९ पैकी ३३ विजयी सामन्यांतली. पण आकड्यांनी आकड्यांना उत्तर देऊन थांबणे मला पुरेसे वाटत नाही, कारण पराभवातले शतक व्यर्थ असते हे गृहीतकच मुळात पोकळ आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजात त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा केल्या, तो सामना भारत हरला; परंतु त्याच धावांच्या बळावर धावगतीच्या हिशेबात भारत अंतिम सामन्यात पोहोचला, आणि दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने १३४ धावा करून करंडक जिंकून दिला. पहिला डाव व्यर्थ म्हणावा तर दुसऱ्याला जन्मच नाही. (२००१ च्या कोलकाता कसोटीत लक्ष्मण आणि द्रविड यांच्या महान भागीविषयी बोलताना शेवटच्या दिवशी हेडन, गिलख्रिस्ट आणि वॉर्न यांना कोणी बाद केले, हेही या सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांना कधी आठवल्याचे मी ऐकले नाही.) आणि डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्याला तीन आठवडे झालेले नसताना, त्याच चेपॉकवर इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग करताना तो १०३ वर नाबाद राहिला आणि विजयाची धाव त्याच्याच बॅटमधून निघाली, तेव्हा सिद्धान्त मागे घेतल्याची एक ओळही कोणी उच्चारली नाही. वादी हरला की पक्ष सोडतो. वितंडा करणाराचा पक्षच नसल्यामुळे त्याला सोडायलाही काही नसते.

चेतेश्वर पुजाराची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या पहिल्या डावात त्याने १७६ चेंडूंत ५० धावा केल्या आणि त्याच्या संथपणावर एकच गहजब उडाला. त्याच्यामुळे सहकाऱ्यांवर दडपण येते, हे म्हणणे जाणत्यांनीही मांडले. ते म्हणणे विचारार्ह होते, हे मी कबूल करतो. धावा निघत नसल्या की समोरचा गोलंदाज शिरजोर होतो हे कोणत्याही मैदानावरचे पोर सांगेल. परंतु चर्चा चालली ती या प्रश्नावर नव्हे. ती चालली स्ट्राइक रेट नावाच्या एका आकड्यावर, आणि त्या आकड्यावरून हा माणूस भित्रा आहे, स्वार्थी आहे, कालबाह्य आहे, अशा अनुमानांच्या पायऱ्या चढत गेली. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने २०५ चेंडू खेळून ७७ धावा केल्या, आणि पुढे विहारी व अश्विन यांनी जायबंदी अवस्थेत दिवस मावळेपर्यंत खिंड लढवून सामना वाचवला. आठ दिवसांनी ब्रिस्बेनला, जेथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरला नव्हता, तेथे ३२८ धावांचा पाठलाग करताना पुजारा अंगावर, बरगड्यांवर, बोटांवर, शिरस्त्राणावर चेंडू झेलत २११ चेंडू उभा राहिला. त्याच्या धावा ५६. दुसऱ्या टोकाने गिलने ९१ आणि पंतने नाबाद ८९ केल्या, आणि त्या दोघांच्या फटक्यांना जे अवकाश मिळाले ते कमिन्स आणि हेझलवुड यांचा घाम पुजाराच्या देहावर खर्ची पडल्यामुळे मिळाले. ‘पन्नास धावांना किती चेंडू’ हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना ‘गोलंदाजाच्या हातात शेवटच्या तासाला किती दम उरला’ हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचे उत्तर फलकावर लिहिलेले नसते. त्यासाठी सामना पाहावा लागतो.

खेळातले पाहण्याची सवय सुटली की नजर खेळाबाहेर भटकते. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, सिडनीला, विराट कोहली एका धावेवर बाद झाला. मिचेल जॉन्सनच्या आखूड टप्प्याच्या चेंडूवर काय घडले याची मीमांसा करण्याऐवजी प्रेक्षागारात बसलेल्या अनुष्का शर्मा यांच्या उपस्थितीवर पराभवाचे खापर फोडण्यात आले. एका स्त्रीने सामना पाहण्यास जाणे आणि दुसऱ्याच माणसाने फटका चुकवणे यांत कार्यकारणसंबंध जोडणारी ही बुद्धी काकतालीय न्यायालाही लाजवणारी आहे. ज्यांनी सुशिक्षित म्हणून ध्वनिक्षेपक हाती घेतला त्यांनी अशा बोलण्याला एक क्षणही जागा द्यावी, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

राहिला जाब विचारण्याचा अधिकार. तो मला मान्य आहे. परंतु मुखत्यारपत्र ज्या कामासाठी मिळाले ते काम हे मुखत्यार करीत नाहीत, हीच माझी तक्रार आहे. प्रेक्षकाचा पैसा खेळाडूकडे जातो त्याच्या किती तरी आधी तो नियामक मंडळाच्या खजिन्यात जातो. वर्षभर न संपणारे वेळापत्रक कोण आखतो, जायबंदी गोलंदाज पुन्हापुन्हा मैदानात का उतरवले जातात, रणजी सामन्यांची हेळसांड कोणाच्या अमलात झाली, हितसंबंधांच्या गुंत्याचे काय झाले, हे विचारण्याचे धारिष्ट या गर्जना करणाऱ्या कंठांतून अपवादानेच प्रकटते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीतून २०१७ साली रामचंद्र गुहा बाहेर पडले तेव्हा त्यांनी आपल्या राजीनाम्याच्या पत्रात हितसंबंधांचा हा गुंता आणि तारांकितांचा वरचष्मा स्पष्ट शब्दांत दप्तरी नोंदवला होता. तो कागद महिनोन्महिने चर्चेत राहावयास हवा होता. बलिष्ठाला सोडून परवा पडलेल्या खेळाडूवर तुटून पडणे याला निर्भयता हे नाव देता येत नाही.

मग समीक्षा कशी असावी? याचे उदाहरण मी मुद्दाम एका निंदिल्या गेलेल्या प्रसंगातून घेतो. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी संजय मांजरेकर यांनी रवींद्र जडेजा हा एकदिवसीय सामन्यांपुरता थोडी गोलंदाजी आणि थोडी फलंदाजी करणारा तुकड्यातुकड्यांचा खेळाडू आहे, असे मत दिले. जडेजा चिडला, आणि १० जुलै रोजी मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध ९२ धावांवर ६ गडी गेले असताना त्याने ५९ चेंडूंत ७७ धावा काढून हातचा गेलेला सामना जवळजवळ परत आणला. मांजरेकरांनी आपले अनुमान चुकल्याचे तेथल्या तेथे, जाहीरपणे मान्य केले. त्यांचे पहिले मत मला पटले नव्हते, शब्दही टोचणारा होता. परंतु ते मत खेळाविषयी होते, ते खोटे ठरण्याची शक्यता त्यात मोकळी ठेवलेली होती, आणि ते खोटे ठरल्यावर बोलणाऱ्याने हार मानली. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण आणि गरज पडल्यास माघार: वाद म्हणतात तो हाच. त्याच मांजरेकरांना पुढच्या वर्षी मंडळाच्या समालोचकांतून वगळण्यात आले, जसे २०१६ साली आयपीएलच्या तोंडावर हर्ष भोगले यांना वगळण्यात आले होते. ज्यांना बोलता येते त्यांचे आसन असे डळमळीत असते, आणि रात्रीच्या चौकटीतली आसने मात्र अढळ राहतात.

प्रेक्षकाला असलाच तमाशा हवा असतो, हे या मंडळींचे शेवटचे समर्थन मी अनेकदा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्यापुढे १९९९ चे तेच चेपॉक उभे राहते. तो रविवार होता. शेवटचा गडी पडला तेव्हा त्या दक्षिणी प्रेक्षकांवर क्षणभर सुन्न शांतता पसरली. तेंडुलकर पारितोषिक घेण्यासही बाहेर येऊ शकला नाही. पाकिस्तान बारा वर्षांनी कसोटी मालिका खेळण्यास भारतात आला होता, त्या दौऱ्यावर राजकारणाचे सावट होते, दिल्लीची खेळपट्टी त्याच महिन्यात दांडगाईने खणून ठेवण्यात आली होती. अशा वेळी विजयी खेळाडू मैदानाला फेरी घालू लागले, आणि चार दिवस उन्हात बसून ज्यांनी प्रत्येक चेंडू पाहिला होता ते हजारो लोक, एका सज्जामागून दुसऱ्या सज्जात, उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाहुण्यांची फेरी पुरी होईपर्यंत ते खाली बसले नाहीत.