टिपणी कोण लिहितो?

आपला मुलगा उपजिल्हाधिकारी झाला की वस्तीत मिरवणूक निघते. जिल्हा परिषदेत आकडेवारीच्या टेबलावर बसणाऱ्याची मात्र कुणी दखल घेत नाही. तरतूद किती, खर्च किती, काम कोणत्या वस्तीत झाले, हे ताडून तो टिपणी तयार करतो. सही साहेबांची असते. पण साहेबांपुढे काय यायचे, हे बरेचसे या टेबलावरच ठरते.

शासनाच्या आदेशाप्रमाणे जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाच्या २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. वकिलीच्या निमित्ताने आम्ही अशा फायली चाळतो. एका फायलीत या निधीतला रस्ता होता. तो वस्तीच्या अलीकडेच संपला होता. शेरा एकच : 'खर्च १०० टक्के'. आकडा खरा होता, 'कुणासाठी?' हे कुणी विचारले नव्हते.

बाबासाहेबांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी जमाखर्च वाचणे हे त्यांच्या लढ्याचे हत्यार होते. ते आपण गंजू दिले काय?

आज या टेबलांवर आपलीही माणसे आहेत. त्यांनी नियम मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. अखर्चित रक्कम आणि कामाचे ठिकाण टिपणीत स्पष्ट लिहावे, रविवारी विहारात तरुणांना अंदाजपत्रक वाचायला शिकवावे, एवढेच. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ नुसार तरतूद आणि खर्चाचा तपशील न मागताही प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. पण आकडा वाचता येत नसेल, तर हाती आलेला कागद रद्दीच!