ऱ्हास कुणाचा?

टोमास मान यांच्या 'बुडनब्रोक्स' या कादंबरीचे उपशीर्षकच 'एका कुटुंबाचा ऱ्हास' असे आहे. त्यामुळे वाचणारा पहिल्या पानापासून ऱ्हासाच्या खुणा शोधू लागतो. आमच्या वाचकगटातही तेच झाले. एकाला चार पिढ्यांच्या धान्याच्या पेढीला लागलेली उतरती कळा दिसली, दुसऱ्याला शोपेनहौअर वाचणारा थकलेला टोमास, तर तिसरीला संगीतावर जीव लावणारा आणि टायफॉइडने जाणारा कोवळा हान्नो. टोनीचे नाव निघाले तेव्हा मात्र सगळे हसले. 'बिचारी भाबडी!' एवढ्यावर तिची बोळवण झाली. या बोळवणीला माझा सक्त विरोध आहे.

कथा ल्यूबेक या बंदरातील व्यापारी शहरात १८३५ साली सुरू होते. पहिला भाग म्हणजे नव्या वास्तूतील एक लांबलचक मेजवानी. (हा भाग कंटाळवाणा आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याकडच्या लग्नाच्या पंगती आठवाव्यात!) तिथे आठ वर्षांची असलेली टोनी अठराव्या वर्षी समुद्रकाठच्या त्रावेमुंडे गावी राहायला जाते. ग्र्युनलिश नावाचा हाम्बुर्गचा व्यापारी तिला मागणी घालून बसला आहे आणि तिला तो मुळीच आवडत नाही. त्रावेमुंड्याला मोर्टेन हा वैद्यकीचा विद्यार्थी तिला भेटतो. तो स्वातंत्र्याविषयी बोलतो, वर्तमानपत्रांवरच्या निर्बंधांविषयी चिडतो. तिच्या घरात असले कुणी बोलत नाही.

पुढे काय होते ते आपल्या ओळखीचेच आहे. तिला कुणी कोंडत नाही, कुणी हात उगारत नाही. वडील पत्र लिहितात, धर्मोपदेशक प्रवचन देतात. शेवटी एके दिवशी ती कुटुंबाची वही उघडते, पूर्वजांच्या नोंदी वाचते, त्यातले आपले नाव पाहते आणि स्वतःच लेखणी उचलून ग्र्युनलिशशी झालेला वाङ्निश्चय लिहून टाकते. याला संमती म्हणायचे काय? मला तर कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रसंग हाच वाटतो. हान्नो लहानपणी त्याच वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढतो, त्या प्रसंगाची सारेजण वाखाणणी करतात. पण तिथे एक वंश संपतो, इथे एक जिवंत मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःला जमाखर्चात घालते. ऐंशी हजार मार्कांचा हुंडा घेऊन ग्र्युनलिशचे दिवाळे वाजते. त्याच्या कर्जाचे ओझे उचलण्यात आता पेढीचा तोटा आहे, तेव्हा कुठे वडील तिला विचारतात, तुझे त्याच्यावर प्रेम आहे का?

टोनी भाबडी आहे, हे मी नाकारीत नाही. घराण्याचा तोरा तिच्या अंगात भिनलेला आहे आणि पुढे स्वतःच्या मुलीच्या लग्नातही ती तोच उत्साह दाखवते. पण म्हातारपणापर्यंत मधाचा विषय निघाला की ती मोर्टेनने मधाच्या शुद्धतेविषयी सांगितलेले वाक्य जसेच्या तसे म्हणते. कुणाचे ते मात्र सांगत नाही. लेखकही थांबून काही समजावीत नाही. कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा हा लेखक अवघा सव्वीस वर्षांचा होता. १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले तेही मुख्यतः याच पुस्तकासाठी. असे धाकटे वय आणि असा संयम पाहून थोडा मत्सरही वाटतो.

अखेरीस मेंगश्ट्रासेवरचे घर प्रतिस्पर्ध्याने घेतलेले असते, पेढी मोडलेली असते, टोमास आणि हान्नो गेलेले असतात, हान्नोची आई व्हायोलिन घेऊन ॲम्स्टरडॅमला परतणार असते. वही राहते टोनीकडे. तीत लिहायला आता कुणी पुरुष उरलेला नाही. टोनी ठरवते की नात्यातल्या बायकांनी आठवड्यातून एकदा आपल्याकडे जेवायला यायचे आणि मग सगळ्यांनी मिळून ती वही वाचायची.