पाण्याचा आकडा कुणाच्या हातात?

मांजरीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीला परवा एकजण तासभर उशिरा आली. टँकर येणार असल्याचा निरोप नवऱ्याच्या मोबाईलवर गेला होता. तो कामावर. टँकर आला, थोडा वेळ थांबला, निघून गेला. मग ही हंडा-कळशी घेऊन शेजारच्या वस्तीतून पाणी भरत राहिली. "निरोप आला नव्हता का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "आला होता ताई, पण मला नाही."

पाण्याचे नियोजन आता संगणकावर होऊ लागले आहे. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत घरात न शिरता नोंद घेता येणारे मीटर बसवले गेले. टँकरवर जीपीएस आले. पाऊस लहरी झाला असताना हे हवेच. गळती कुठे होते, पाणी कुठे मुरते, हे मोजल्याशिवाय कळत नाही. माझा विरोध यंत्राला नाही. पण काय मोजायचे आणि ते कुणाला सांगायचे, हे कोण ठरवते?

मीटर लिटर मोजतो. टँकरची वाट पाहताना बुडालेली मजुरी, शाळा चुकवून रांगेत उभी राहिलेली मुलगी, नळासाठी रात्री जागणारी बाई, यांची नोंद कुठेच होत नाही.

३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुकसह २३ गावे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली, तिच्याबरोबर महिला ग्रामसभा आणि बायकांच्या ५० टक्के राखीव जागाही गेल्या. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. ग्रामसभेत आमचे नेहमी ऐकले जाई असे नाही. पण प्रश्न चारचौघांत विचारता येई, इतिवृत्तात लिहून घ्या म्हणता येई. मोबाईलवरची तक्रार मात्र एकटीची राहते.

आमच्याबरोबरच महापालिकेत आलेल्या नांदेड-किरकटवाडी भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण वाढले आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. पण ती योजना ग्रामीण भागासाठी. मग गाव शहरात आले म्हणून बाईचा तपासणीचा हक्क का जावा?

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. पाण्याच्या वेळेचा निरोप घरातल्या बाईच्या मोबाईलवर यावा आणि चौकातल्या फळ्यावरही लागावा, कारण प्रत्येकीकडे मोबाईल नाही. तपासणीचे आकडे मराठीत जाहीर व्हावेत. वस्तीवार पाणी समिती असावी आणि तिच्यात निम्म्या बायका असाव्यात.

तोवर मैत्रिणींनो, एक साधी वही घालूया. पाणी किती वाजता आले, किती वेळ आले, भरायला किती तास गेले, टँकरला किती पैसे पडले, हे रोज लिहूया. त्यांचा आकडा त्यांच्या संगणकात आहे. आपला आकडा आपल्या हातात असला, तरच समोर बसून बोलता येईल.