पेपर कोणी काढला?

गुणवत्तेचा विषय निघाला की काही विद्वान हमखास जुन्या चीनचे उदाहरण देतात. तिथे कूळ पाहत नसत, शेतकऱ्याचा मुलगाही परीक्षा देऊन मोठा अधिकारी होई, असे सांगतात. मला हे अर्धसत्य वाटते. सुई राजवटीत सुरू झालेली ही परीक्षा १९०५ पर्यंत, म्हणजे सुमारे तेराशे वर्षे चालली, हे खरे. स्त्रियांना ती कायम बंद होती, हेही खरे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. पेपर कोणी काढला?

पेपर मुख्यतः कन्फ्यूशियसच्या परंपरेतला असे. जनतेत बुद्धाला मानणारे अगणित होते. तारीख असलेले सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक, ८६८ सालचे, बौद्ध सूत्राचेच आहे. तरीही अधिकारी व्हायचे तर त्या विद्येचा उपयोग नव्हता. ज्ञान कशाला म्हणायचे, हे दरबारने आधीच ठरवले होते.

या परीक्षेतून घडलेला एक पंडित पाहा. हान यू तीनदा नापास होऊन ७९२ साली पास झाला. ८१९ साली सम्राटाने बुद्धाची अस्थी राजवाड्यात आणवली, तेव्हा त्याने लेखी विरोध केला. त्याचा एक मोठा मुद्दा होता की बुद्ध परकीय आहे. सम्राटाने चिडून त्याला दूर दक्षिणेत धाडले. पण विचार जिवंत राहिला. ८४५ साली सम्राट वूत्सोंगने ४,६०० विहार मोडले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना सक्तीने संसारात परत पाठवले. विहारांच्या करमुक्त जमिनींवर डोळा होताच. त्याच लाटेत ख्रिस्ती आणि पारशी धर्मगुरूही भरडले गेले. 'परकीय' हा शिक्का एकावर मारला की पुढचे नाव आपोआप यादीत येते. आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

पुढे चू शी आला. तरुणपणी तो बौद्ध ध्यानमार्ग शिकला, नंतर त्याचा टीकाकार झाला. सरकारने त्याची शिकवण 'खोटी विद्या' ठरवली. १२०० साली तो वारला. १३१३ साली मंगोल दरबाराने त्याचीच भाष्ये परीक्षेला नेमली! शिकवण तीच होती, फक्त दरबाराची गरज बदलली.

त्याच मंगोल परीक्षेत चार गट होते आणि शेवटच्या फेरीत प्रत्येकाला २५ जागा. 'सेमू' गटात मध्य आशियातून आलेले पुष्कळ मुसलमान होते. लोकसंख्येने सर्वांत मोठ्या दक्षिणी चिन्यांनाही तेवढ्याच जागा. लाभ आपल्या धर्मबांधवांना झाला म्हणून मी त्याला न्याय म्हणणार नाही. दडपलेल्यांना वर आणण्यासाठी दिलेले आरक्षण वेगळे, आणि सत्ताधाऱ्यांनी स्वतःसाठी व आपल्या माणसांसाठी राखलेल्या जागा वेगळ्या.

परीक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. आपल्या मुलामुलींनी त्या जरूर द्याव्यात आणि पासही व्हावे. पण गुणवत्तेचे प्रवचन देणाऱ्याला आधी विचारावे: अभ्यासक्रम ठरवताना टेबलाभोवती कोण बसले होते, आणि कोणाला दाराबाहेर उभे केले होते?