मागचा जिना

मुंबईस जाऊन आलेले आपल्यापैकी पुष्कळजण मरीन ड्राइव्हवर सायंकाळचा फेरफटका करतात व घरी परतल्यावर समुद्राचे वर्णन करतात. समुद्राकडे पाठ करून उभे राहिले म्हणजे जे दिसते, त्याविषयी वाचकांशी आज चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

दिसते ती पाच-सहा मजली इमारतींची एक लांब ओळ. उंची जवळजवळ सारखी, कोपरे गोलाईने वळवलेले, गच्च्यांवर लाटांसारखी लोखंडी नक्षी, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे आणि दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत इमारतीचे नाव. ही सारी जमीन समुद्राची होती. ती हटवून घेण्याचा पहिला उद्योग ज्या कंपनीने केला ती १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत बुडाली. १९२० नंतर सरकारने पुन्हा भरणी आरंभिली, तेव्हा खर्चाचा असा काही गोंधळ झाला की वीर नरीमन यांनी तो चव्हाट्यावर आणला. असो. भरणी अखेर झाली, भूखंड पडले, आणि १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही घरे उभी राहिली. पैसा बहुतांशी हिंदी व्यापाऱ्यांचा आणि आराखडे पुष्कळसे हिंदी स्थापत्यविशारदांचे. १९३७ साली बांधलेल्या ‘सूना महल’चे शिल्पकार जी. बी. म्हात्रे हे तर आपल्या मराठी माणसांपैकीच. ओव्हल मैदानाच्या काठाला याच धाटणीची दुसरी ओळ आहे. या सर्व परिसरास २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले.

त्या काळी या घरांतील सुखसोयी म्हणजे नवलाईच होती. १९३७ साली मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन भरले होते. घरातच नळ, घरातच न्हाणीघर व संडास, विजेचा दिवा, वर नेणारी लिफ्ट, आणि समुद्राचा वारा एका खिडकीतून आत व दुसरीतून बाहेर. ज्या शहरात गिरणीचा कामगार आठ-दहा माणसांसह एका खोलीत दिवस काढीत होता, त्याच शहरात हे घडत होते. आम्ही या सुखाची निंदा करीत नाही. हवेशीर घर ही चांगली गोष्ट आहे, आणि ही घरे बांधणाऱ्यांची अभिरुची आजच्या काचेच्या मनोऱ्यांपेक्षा उजवी होती असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु इमारतीच्या मागील बाजूस फारसा कोणी जात नाही. तेथे दुसरा जिना असतो, अरुंद, पुष्कळदा लोखंडी व गोल वळणांचा. पुढचा जिना व लिफ्ट घरातल्या मंडळींसाठी, मागचा जिना नोकरांसाठी, ही योजना नकाशावरच आखलेली असे. न्हाणीघराचे दार काही घरांत मागच्या बाजूस उघडते. सफाई करणाऱ्याचे पाऊल दिवाणखान्यात पडू नये, हे त्याचे कारण. घर अगदी नव्या तऱ्हेचे, सिमेंट-काँक्रीटचे, पण विटाळाची जुनी कल्पना त्याच सिमेंटमध्ये कालवली गेली. ‘नोकरांनी ही लिफ्ट वापरू नये’ अशा पाट्या तर शहरांतून अजूनही आढळतात.

या मागच्या जिन्याशी आपला संबंध आहे. गोव्यातून आणि आपल्या खानापूर-बेळगाव भागातून गेलेले कितीतरी आचारी, बटलर व आया याच जिन्याने आयुष्यभर चढल्या-उतरल्या. पुरुषांना निदान धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावाच्या नावाची कूड होती. सुटीच्या दिवशी तेथे पेटी ठेवावी, तेर्साला बसावे, गावची खबर ऐकावी. आयांना बहुधा तेवढाही आसरा नव्हता. स्वयंपाकघराबाहेरची पडवी किंवा जिन्याखालची जागा हीच त्यांची खोली.

आता कायद्याची गोष्ट. युद्धकाळात मुंबईत माणसांचा लोंढा आला व भाडी भडकली. गरिबाची पिळवणूक होऊ नये म्हणून १९४७ च्या कायद्याने घरभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. हेतू उत्तमच होता. पण चाळीतल्या खोलीस जो नियम, तोच समुद्रासमोरील पाच खोल्यांच्या घरास लागला. भाडेकरू वारला तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क चालू राही. पन्नास वर्षांनी हे भाडे इतके क्षुल्लक झाले की घरमालक छज्जा दुरुस्त करीना आणि खारा वारा काँक्रीटमधले लोखंड खाऊ लागला. अशी गोठवलेली भाडी न्याय्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले. पुढे १९९९ चा नवा कायदा आला. त्याने वर्षाला शेकडा चार वाढीस मुभा दिली, आणि पूर्वी गुन्हा असलेली पागडी कायदेशीर झाली. घर सोडताना भाडेकरूने नव्या माणसाकडून पागडी घ्यावी आणि साधारण तिसरा हिस्सा मालकास द्यावा, ही वहिवाट. समुद्रासमोरील घर म्हटल्यावर ही रक्कम कोटींत जाते.

मध्यंतरी, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी परवान्याने एखाद्या जागेत राहत होता, त्यासही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. मात्र घरधन्याच्या नोकरीत असलेला मनुष्य यात धरू नये, असे व्याख्येतच लिहिले होते. हे अपवाद समजण्यासारखे आहेत. आयाने घराची भाडेकरू व्हावे असे कोणी म्हणणार नाही. तरीपण एकाच दारामागे चाळीस वर्षे राहिलेल्या दोघांपैकी एकाचा हक्क मुलाबाळांपर्यंत पोहोचतो व दुसऱ्याचा त्या दिवसाच्या रात्रीपर्यंतही पुरत नाही, याला काय नाव द्यावे? आया चांगल्या घरात राहते, मायेच्या माणसांत राहते, मग तिला आणखी काय हवे, असे म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. ते स्वतः मात्र पागडीची पावती जपून ठेवतात.

खानापूर तालुक्यातील एक वृद्ध बाई आमच्या परिचयाची होती. तिने अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर अडतीस वर्षे काढली. घरातली दोन्ही मुले तिच्याच हातावर वाढली, आणि त्या कुटुंबाविषयी तिने कधी वावगा शब्द काढला नाही. आम्ही एकदा तिला त्या सुंदर इमारतीविषयी विचारले. ती म्हणाली, “फादर, पुढच्या जिन्याला पायऱ्या किती ते मला ठाऊक नाही. मागच्याला चौऱ्याऐंशी. बाईसाहेबांना इस्पितळात नेले तेव्हा त्यांचा हात धरायचा होता, म्हणून तेवढी एकदा लिफ्टने उतरले.”

बाईसाहेब परत आल्या नाहीत. मुले परदेशी होती. ती आली, घर पागडीने दुसऱ्यास दिले, मालकाचा हिस्सा मालकास गेला, उरलेले दोघांनी वाटून घेतले. आयेस दोन महिन्यांचा पगार, बाईसाहेबांची एक शाल आणि गाडीचे तिकीट मिळाले. मुले स्टेशनवर पोहोचवायला आली होती व रडलीही, हे ती आवर्जून सांगे, आणि ते खरेच असणार.

महाराष्ट्र सरकारने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. त्यात नोंदणीस वयाची मर्यादा साठ वर्षांची आहे. ही बाई तोपर्यंत सत्तरीला पोहोचली होती आणि भावाच्या घरी, पडवीत, राहत होती.